गाळलेलं कडवं

खरं सांगा, देवाचा एक शब्दही तुमच्या कानावर पडेनासा झाला, तर तुम्ही किती रविवार त्याच्या दारात जाऊन बसाल? उगाच मान डोलवू नका. आपल्याला पंखा बंद पडला तरी उपासना लांबल्यासारखी वाटते. उपदेश जरा वाढला की आपली मान घड्याळाकडे वळते. मीही त्यातलीच, तेव्हा रागावू नका.

मी ज्याच्याविषयी लिहितेय तो माणूस ठार बहिरा आहे. आमच्या वस्तीत त्याला ठोक्यामामा म्हणतात. पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवायच्या कारखान्यात तो प्रेसवर होता. प्रेस म्हणजे वरून धाडकन खाली येणारा लोखंडी ठोकळा. खाली पत्रा सरकवायचा, पायाने दाबायचं, झाकण कापून पडतं. पुन्हा पत्रा, पुन्हा धाड. जन्मभर हेच. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला होते. मध्ये विटांची भिंत होती, तरी घरी जाऊन जेवायला बसले की माझ्या दातांत तो आवाज असायचा. मग भिंतीच्या पलीकडच्यांच्या कानांचं काय झालं असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

आम्ही बायकांनी संघटना बांधली तेव्हा पहिली मागणी कानांसाठी केली. मॅनेजर म्हणाला, "कापूस देतो."

मी म्हटलं, "कापूस मेल्यावर नाकात घालतात साहेब. आम्ही अजून जिवंत आहोत."

पुढे कानांना लावायचं साधन आलं, भांडून आलं, पण मामाच्या कामाचं राहिलं नव्हतं. त्याच्या कानांत तोवर शांतता कायमची मुक्कामाला आली होती.

प्रेसवरची माणसं तशीही कानांवर विसंबत नाहीत. एकमेकांशी बोलायचं ते ओठ बघून. आणि यंत्राशी बोलायचं ते तळव्याने. यंत्राच्या अंगावर हात ठेवला की साचा सरकलाय का, तेल आटलंय का, सगळं हाताला कळतं. मामा उपासनेतही तेच करायचा. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहात जुने, जाड फळ्यांचे बाक होते. गीत सुरू झालं की मामा समोरच्या बाकाच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकायचा. सगळे उभे राहून गायला लागले, बाजाची पेटी भरून वाजायला लागली, की ते लाकूड थरथरायचं.

"लाकूड गातं गं," मला म्हणायचा. "तुम्हा कानवाल्यांना नाही कळायचं."

लाकूड थांबलं की मामा थांबायचा. शिवाय शेजारी मामी असायची. आमच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, वेळ वाचवायची सवय आहे. गीत सांगताना म्हणतात, "पहिलं, दुसरं आणि शेवटचं कडवं." मधलं गाळतात. मामी लगेच बोटांनी खूण करायची, हे गा, हे सोड. आणि उपदेश? उपदेश ती घरी जाताना द्यायची. रस्त्याने मामाच्या पुढे, त्याच्याकडे तोंड करून, उलटी चालत. ओठ सावकाश हलवत सगळा उपदेश परत सांगायची, आणि तिने कशाला धडकू नये म्हणून मामा तिचा दंड धरून तिला वळवत न्यायचा. खांब आला की जरा डावीकडे, खड्डा आला की जरा थांब. कोपऱ्यावरचा सायकलवाला ओरडायचा, "मामी, पाठीला एखादा आरसा बसवून घ्या!" मामी त्याला हातानेच गप्प करायची, कारण ओठ मामासाठी राखलेले असायचे.

मग मामीची छाती बिघडली. दवाखान्यात तिच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. आता विचार करा. ज्या माणसाला ओठांशिवाय काही ऐकू येत नाही, त्याच्या बायकोचे ओठ झाकले.

शेवटच्या दुपारी मी तिथे होते. मामी काहीतरी म्हणत होती. प्लास्टिकच्या आत वाफ धरत होती, ओठांची नुसती सावली हलत होती. मुखवट्यातून मला फक्त घरघर ऐकू आली, शब्द एकही नाही. नर्सला विचारलं, जरा काढता येईल का. ती म्हणाली, "काढला तर जाईल ती." मामा मोठ्याने प्रार्थना करायला लागला. स्वतःचा आवाज किती मोठा निघतो हे त्याला कळत नाही, त्यामुळे अख्ख्या वॉर्डाने ती ऐकली. "देवा, एकदाच. तिला वाचव म्हणत नाही, ते तुझं तू बघ. ही काय म्हणतेय तेवढं एकदा ऐकू दे."

मग त्याने काय केलं असेल? तिच्या छातीवर तळवा ठेवला. यंत्रावर ठेवायचा तसा.

बऱ्याच वेळाने मला म्हणाला, "आवाज हाताला लागतोय. शब्द लागत नाहीत."

संध्याकाळ व्हायच्या आत मामी गेली. काय म्हणाली ते त्या माणसाला आजतागायत माहीत नाही.

मातीला त्याची लेक आली. बाहेरगावी असते, मास्तरीण आहे, जिभेला धार आहे. तिने चर्चचं नाव टाकूनच बरीच वर्षं झाली होती. तिसऱ्या दिवशी बापासमोर बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, त्याचं तुम्हाला ऐकू येत नाही, तुमचं त्याला ऐकू येत नाही. फिट्टंफाट झाली. आता चला माझ्याकडे. रविवारी झोपा आरामात."

मामा म्हणाला, "सावकाश बोल बाई, अर्धंच कळलं."

सगळं कळलं होतं त्याला. माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, पण त्या डोळ्यात पाणी होतं. लेक दोन दिवस रडली, भांडली, आणि एकटीच परत गेली. जाताना मला म्हणाली, "मावशी, तुम्ही जगाला शहाणं करता ना? मग यांना करा."

मी केलाही प्रयत्न, का खोटं बोलू? पहिल्याच रविवारी तो इस्त्रीचा सदरा घालून निघालेला दिसला तेव्हा मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मामा, एवढं एक मागितलं होतं तुम्ही. तेही दिलं नाही त्याने. संप करा की!"

"तुझा संप चालतो कारण मालक घाबरतो," मामा म्हणाला. "हा घाबरत नाही."

"मग जाऊन मिळतं काय तिथे?"

"रागावलोय मी त्याच्यावर. लई रागावलोय. पण रागावलो म्हणून पाळीला गेलो नाही असं कधी झालंय का माझं? आणि हे बघ, माझ्याकडे तिचं एवढंच उरलंय. आम्ही दोघं जिथे जायचो तिथे मी एकटा जाईन. तेही सोडलं तर घरात बसून मी कुणाचा?"

माझ्यासारखी भांडकुदळ बाई त्याच्या वाटेतून बाजूला झाली. असं फार वेळा होत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्याच वर्षी बाकांना वाळवी लागली. कुणा दानशूराने प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. हलक्या, धुवायला सोप्या, एकावर एक रचता येतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाक फोडून बाहेर टाकले. मामाने नव्या खुर्चीच्या पाठीवर तळवे ठेवले, जरा वेळ थांबला, मग हात मांडीवर घेतले. प्लास्टिक कुठे गातं? तरी तो समोरच्यांच्या पाठी बघून, खांदे बघून, कसाबसा जमवून घेत होता. कुणी बसलं की बसायचा.

मग तो रविवार आला. आमच्या मंडळीतल्या शिंपिणीचं बाळ त्या आठवड्यात गेलं होतं, पाळण्यातलं. ती पहिल्या ओळीत बसली होती, रिकामे हात मांडीवर उताणे ठेवून. पाळकांनी सांगितलं, गीताचं पहिलं, दुसरं आणि शेवटचं कडवं म्हणायचं, आणि मग उभ्यानेच, डोळे मिटून, शांतपणे त्या बाळासाठी प्रार्थना करायची. गीत संपलं. सगळे उभेच राहिले. डोळे मिटले. एवढी शांतता झाली की रस्त्यावरची हातगाडी ऐकू यावी.

मामाचे डोळे तर गीतापासूनच मिटलेले होते. पाठी नाहीत, खांदे नाहीत, बोटं दाखवणारी बाई नाही. तो आपल्या संथ चालीत अजून तिसऱ्या कडव्यावर होता. गाळलेल्या. त्या शांततेत त्याचा तो सूर नसलेला, प्रेसच्या गोंगाटावर चढायची सवय लागलेला आवाज एकटाच निघाला, आणि शेवटचं, चौथं कडवंही घेऊनच थांबला. मागे पोरं फिदीफिदी हसली. शिंपीण ताडकन उठली आणि बाहेर निघून गेली.

डोळे उघडल्यावर मामाला सगळी तोंडं आपल्याकडे वळलेली दिसली.

पुढच्या बुधवारी पाळक त्याच्या घरी आले. मी तिथेच होते, भाजी निवडत. पाळक तरुण आहेत, माणूस वाईट नाही. खुर्ची ओढून मामाच्या समोर बसले, उजेडात तोंड धरलं आणि अगदी सावकाश म्हणाले, "मामा, इथून पुढे गाणं मनातल्या मनात म्हणा."

मामाने मान हलवली. समजलं म्हणाला.

मी दारापर्यंत त्यांच्या मागे गेले. म्हटलं, "पाळकसाहेब, तुम्ही आल्यापासून याच्या समोर बसून, सावकाश, याला कळेल असं बोललेलं हे पहिलं वाक्य. आणि ते हे?"

ते म्हणाले, "बाई, त्या आईचं तोंड आठवा." मला आठवत होतं. म्हणून घरी येऊन नुसती भांडी आपटली.

मला वाटलं, आता मामा लेकीकडे जाणार. नाही गेला. रविवारी तोच सदरा. शेवटच्या ओळीत, भिंतीला लागून. सगळे गायले की हा ओठ मिटून उभा. शेजारच्या खुर्च्या लोक नकळत सोडायला लागले, कुणी त्याच्यावर चिडून नाही, पण दुसऱ्याच्या अपमानाशेजारी बसायला कुणालाच बरं वाटत नाही. मला तो म्हणाला, "आधी ऐकणं गेलं. मग ती गेली. आता हेही. बघू अजून काय काय काढून घेतो. मी काही इथून हलत नाही."

बऱ्याच महिन्यांनी शिंपीणच त्याच्याकडे गेली. उपासना सुटल्यावर, त्याच्या पुढ्यात जमिनीवर बसली म्हणजे त्याला तिचे ओठ दिसावेत. म्हणाली, "मामा, मी तुमच्यामुळे नाही उठले. मला ओरडायचं होतं, आणि सगळे इतके शांत होते. तुम्ही गात होतात तेवढाच वेळ मला श्वास घेता आला. तुम्ही गा."

मामाने ते दोनदा म्हणायला लावलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "नको पोरी. आता भरवसा नाही. किती मोठा निघेल, कुणाला लागेल." ती रडायला लागली तरी तो नकोच म्हणत राहिला. लोकांनी एकदा लाजवलेला आवाज परवानगी देऊन परत येत नाही, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

तो अजून येतो. पाय सुजतात, काठी लागते, तरी येतो. मागच्या रविवारी मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसले. गीत झालं. पहिलं, दुसरं, शेवटचं. सगळे खाली बसले. मामा डोळे मिटून भिंतीला टेकून उभाच होता, ओठ घट्ट मिटलेले. पण त्याचा कंठमणी वरखाली होत होता. पुस्तक काढून त्या चढउताराशी ओळी लावून बघितल्या. तो तिसऱ्यात होता. मग चौथ्यात. पाळक पुढच्या व्यासपीठावर उभे राहून त्याच्याकडे बघत होते आणि पुढचं काही बोलत नव्हते. कुणीच त्याला बस म्हणालं नाही. कंठमणी थांबला तेव्हा तो बसला.

तुमच्या मंडळीतही कुणीतरी असेल, चुकीच्या वेळी गाणारं, चुकीच्या वेळी उभं राहणारं, सगळ्यांचं झालं तरी ज्याचं झालेलं नाही असं. त्याला खूण करायला तुमचा हात उठेल. कृपा करा, तो हात खाली घ्या आणि त्याचं होईपर्यंत थांबा.