बरं झाल्यानंतरचं

“बरं झाल्यावर काय झालं, ते सांगा.”

समोर कोणीही बसलेलं असो, डॉक्टर हेच विचारत. लोक आजाराबद्दल सांगायच्या तयारीने आलेले असत. या प्रश्नाने त्यांची पंचाईत होई.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या बाजारात माझा टायपिंगचा क्लास होता. डॉक्टर मनाच्या आजारांवर उपचार करत आणि उरलेल्या वेळात संशोधन. मुंबईत कॅन्सरचं ऑपरेशन होऊन, बऱ्या होऊन गावी परतलेल्या बायकांच्या मनाचं पुढे काय होतं, हा त्यांचा विषय. त्यावरचे इंग्रजी लेख मी टाइप करून देई. तुम्ही त्यांना रस्त्यात पाहिलं असतंत तर विमा एजंट समजला असतात. बगलेत फुगलेली बॅग, आणि चालताना स्वतःशीच मान हलवायची सवय.

लेख परदेशी जात, बहुतेक परत येत. एखादा छापून आलाच, तर दारातूनच बॅगेत हात घालत ते आत येत.

“वाचलात ना?”

“मीच टाइप केला, डॉक्टर.”

“म्हणजे वाचलात. रत्नागिरीत आपण दोघं झालो.”

ते हसायचे, मीही हसायची. तिसरं कोणी कधी झालं नाही.

बायका परक्या पुरुषाशी मोकळेपणी बोलत नसत, म्हणून कधीकधी ते मला सोबत नेत. एकदा लांज्याला गेलो. काजूच्या कारखान्यात कामाला जाणारी एक बाई होती. तिचा एक स्तन काढलेला. डॉक्टरांनी आपला प्रश्न विचारला. ती बराच वेळ पदर सारखा करत राहिली.

“बरी झालीस म्हनतात सगळे,” ती म्हणाली. “पन माजं ताट वायलं ठेवतात. पोरीला जवळ येऊ देत नाय.”

सासू दारात नातीचा हात धरून उभी होती. दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. “ल्हान पोर हाय घरात. लागलं तर?”

“हा रोग लागत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“तुमी सांगाल नि जाल, डॉक्टर.”

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. मग सासूला म्हणाले, “मला भूक लागलीय. जेवायला वाढाल का? यांच्याच ताटात वाढा.”

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने कोपऱ्यातलं आपलं ताट आणलं. भात, वर कुळथाचं पिठलं. डॉक्टर जमिनीवर मांडी घालून सावकाश जेवले, पुन्हा भात मागून घेतला. सासू बघत होती. ताट रिकामं झालं तेव्हा तिने नातीचा हात सोडला. मुलगी लगेच गेली नाही. आजीकडे एकदा पाहून मग आईच्या मांडीला जाऊन चिकटली.

परतताना एसटीत मी म्हटलं, “हे लेखात घालू या.”

“नको. एका जेवणाला पुरावा कोण म्हणेल?”

बराच रस्ता गेल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “माझ्या बायकोलाही हाच आजार होता. बरी झाली. मला वाटलं, संपलं सगळं. मी कामाला लागलो. मग एक दिवस ती माहेरी गेली, ती परत आलीच नाही.”

 त्यांना माझ्याकडून काही नको होतं.

पुढे एका मे महिन्यात त्यांनी रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यातली आपली भाड्याची खोली सोडली. निरोपाला मी आणि घरमालक, दोघंच. कुठे चाललात विचारलं, तर “बघू” म्हणाले आणि रिक्षात बसले.

पाऊस लागायच्या आधी लांज्याची ती बाई लेकीला घेऊन क्लासवर आली. डॉक्टरांसाठी आंबापोळी आणली होती.

“गेले ते,” मी म्हटलं. “पत्ता नाही माझ्याकडे.”

“त्यांच्या घरात कोन हाय?”

“कोणी नाही.”

 उठताना पुडी टेबलावर ठेवून म्हणाली, “गाठ पडली तर द्या.”

आंबापोळी टिकते, म्हणून मी ती डब्यात घालून ठेवली. गणपती गेले, नवरात्र गेलं. दिवाळीच्या सुट्टीआधी क्लासच्या मुलींना वाटून टाकली.