मेस्तांनी केलेली पेटी

डिचोलीला गेलो की अजून मेस्त आठवतात. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, तेव्हा बाजाराजवळ राहणारे हे ख्रिस्ती सुतार. रंधा मारताना सतत प्रार्थना पुटपुटायचे. त्यांचा एकुलता मुलगा खनिजाच्या ट्रकाखाली गेला. पुढे तो ट्रकवाला दारूपायी मेला, तेव्हा त्याची शवपेटी मेस्तांनीच केली. आतून मऊ कापडही लावलं.

मला राहवलं नाही. "मेस्त, हा स्वर्गात जाईल?"

"वतलो, सर्गांत वतलो. देव कोणाकच भायर दवरचो ना. थंय म्हजो पूत आसा. ताची माफी मागूंक तरी हाका भितर घेवंक जाय."

मुलाची माफी मागायला तरी देवाने याला आत घ्यायलाच हवं, एवढं बोलून त्यांनी झाकण बसवलं, आणि त्यावर डोकं टेकून ते खूप वेळ रडले.