बारवेचं कुलूप

माझ्या संशोधनाचा विषय जात्यावरच्या ओव्या आणि पाणी. धारूरच्या घाटाखालच्या आमच्या गावात हळद दळताना बायका ज्या पाण्याचं नाव गातात, नवरीची हळद त्याच पाण्यात भिजवतात. हे मी एका चर्चासत्रात मांडलं. प्रमुख पाहुणे होते आमच्याच गावचे, सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. ते माईकवर म्हणाले, "म्याडम, बायकांच्या गाण्यानं कुठं पाणी लागतंय का?" सभागृह हसलं. माझे मार्गदर्शकही हसले. मी डूख धरला.

पुढच्या दुष्काळात चेअरमनांनी गावची बारव, म्हणजे दगडी पायऱ्यांची जुनी विहीर, दुरुस्तीच्या नावाखाली बंद केली. दाराला कुलूप, आत मोटार आणि पाइप थेट त्यांच्या उसात. माझी आई म्हातारपणी टँकरमागे घागर घेऊन पळायला लागली. एकदा रेटारेटीत पडली, मनगट मोडलं. वाकडंच जुळलं. ती विसरली असती, मी विसरणाऱ्यातली नव्हे.

मग त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. व्याही पुण्याचे, जुन्या चालीरीतींचे हौशी. चेअरमनांनी मलाच बोलावलं.

"तुमी अभ्यास केलाय. सगळं जुन्या पद्धतीनं होऊ द्या. एक बी रीत सुटता कामा न्हाई."

"एकही सुटणार नाही," मी म्हणाले.

हळदीच्या दिवशी मांडवात जातं मांडलं. मी बायकांत जाऊन बसले आणि आईनं शिकवलेली ओवी लावली.

हळद भिजाया पाणी बारवंचं आणा,
बारव गावाची आई, तिचा मान आधी जाणा.

बायकांनी ती उचलून धरली. दळण संपताच घागरी घेऊन साऱ्या उठल्या. चेअरमन आडवे आले.

"टँकर उभा हाय की दारात."

त्यांची आई पाटावर बसली होती. ती म्हणाली, "माज्या नातीची हळद टँकरच्या पाण्यात न्हाई भिजायची. किल्ली आण."

"बारवेला कुलूप? ते कशाला?" हौसेनं हळदीलाच आलेल्या व्याह्यांनी विचारलं. चेअरमनांनी घाम पुसत किल्ली काढली. मला ते बघून फार गोड वाटलं.

कुलूप निघालं. पहिली घागर माझ्या आईनं भरली. मागून सारं गाव उतरलं. व्याह्यांदेखत पुन्हा कुलूप लावायची चेअरमनांची छाती झाली नाही आणि व्याही गेल्यावर गावानं लावू दिलं नाही, मोटारही चालू दिली नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांचा ऊस उभा वाळला. मी मुद्दाम आईला घेऊन बांधावरून चालत गेले आणि पोटभर बघून आले.