सहावा ठोका

तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या तालमीच्या हॉलच्या दारात उभे होते आणि आत यायला तयार नव्हते. दार सताड उघडं होतं. मी दोनदा "या ना, या" म्हटलं. त्यांनी वाकून आतल्या कोपऱ्यांत नजर फिरवली, चौकटीवर बोटाच्या पेरानं एक ठोका दिला आणि म्हणाले, "आलो." जसं काही मी त्यांची हजेरीच घेणार होते. मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक नमुना. नगरसारख्या गावात हौशी नाटकं बसवणाऱ्या बाईच्या नशिबी असे नमुने यायचेच.

तात्या मूळचे शनिशिंगणापूरचे. साखर कारखान्यात फिटर म्हणून उमर गेली आणि रिटायर झाल्यावर नगरला मुलाकडे राहायला आले. "आमच्या गावात घरांना दारंच न्हाईत बाई," ते कुणालाही सांगायचे, "म्हनून दारं करायची हौस नाटकात भागवून घ्येतली." आणि समोरचा हसायच्या आत स्वतःच हसायचे. तरुणपणी ते आणि त्यांचा धाकटा भाऊ वसंता जत्रांमधल्या नाटकांची दारं-खिडक्या, महाल, तुरुंग असलं सगळं करत. त्याचा अभिमान एवढा की आमच्या नेपथ्याकडे बघून त्यांनी नाकच मुरडलं.

आमच्या त्या वेळच्या नाटकात घर, एसटी स्टँड आणि डोंगरातलं भाताचं खाचर ही तीन ठिकाणं सारखी आलटून पालटून येत. प्रत्येक वेळी दिवे घालवायचे आणि अंधारात चौघांनी मोठाल्या भिंती उचलून धावायचं. कुणाचा गुडघा फुटायचा, कुणाचा अंगठा चेपायचा. तात्यांनी एकच तालीम बघितली आणि असे काही भडकले की मीसुद्धा दोन पावलं मागे सरले. "अंधारात कुनी चालायचं न्हाई! सांगून ठिवतो. मानूस जागंवर ऱ्हाईल, जागा फिरंल."

मग त्यांनी खांब केले. पाच खांब, प्रत्येकाला तीन अंगं, माणसाच्या डोक्याच्या वर दोन हात उंच. एका अंगावर घराची भिंत, दुसऱ्यावर एसटी स्टँड, तिसऱ्यावर खाचर. पाचही शेजारी शेजारी उभे केले की एक सलग चित्र, आणि सगळे थोडे फिरवले की दुसरं. बुडाला भंगारातून आणलेली जीपच्या चाकाची बेअरिंगं. एका बोटानं ढकललं तरी खांब लोण्यासारखा फिरायचा. प्रत्येक खांबामागे एक माणूस उभा राहायचा, त्याने जागचं हलायचंच नाही.

पहिल्या दिवशी चौथ्या खांबावरचा पोरगा जरासा उशिरा फिरला आणि सगळे कोपरे एकमेकांत असे अडकले की पहार लावायची वेळ आली. मी डोक्याला हात लावला. तात्या मात्र खूश. "बघितलं का? समदे एकदम फिरले तर कोपऱ्याला कोपरा लागत न्हाई. एक मागं ऱ्हायला की समदे अडाकले." हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की चहा द्यायला कुणाला उशीर झाला तरी आम्ही तेच म्हणायचो.

खांब फिरून नीट बसला की मागच्या माणसाने लाकडावर पेरानं एक ठोका द्यायचा, डावीकडून उजवीकडे, ओळीने. विंगेत उभे असलेले तात्या ते ऐकायचे आणि मग "लाईट" म्हणायचे. ठोक्याशिवाय लाईट नाही. दिव्यांवर आमचा दिलीप होता, मोबाईलचं दुकान चालवणारा, अंगात नुसती घाई भरलेला. त्यालाही हे पटलं. सगळा बदल चुटकीसरशी व्हायचा. बघणारे आ वासायचे.

पण एक भानगड होती. पाचवा ठोका पडला तरी तात्या "लाईट" म्हणत नसत. एक श्वासभर थांबत. अंधारात ते मान तिरकी करून काहीतरी ऐकत असत, ते मला शेजारी उभं राहून कळायचं. पाच ठोके, मग ती शांतता, आणि मग खोल गेलेल्या आवाजात "लाईट". एवढा झटपट बदल करून देणारा माणूस तो वेळ असा का घालवतो, मला कळेना. स्पर्धेत परीक्षकांनी सांगितलं, दृश्यबदल छान, पण अंधार रेंगाळतो. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते हॉलमागच्या शेडमध्ये बेअरिंगांना ग्रीस लावत बसले होते, तिथेच मी त्यांना गाठलं.

"तात्या, पाच खांब, पाच ठोके. तुम्ही थांबता कशाला?"

"आजून एक यायचा असतो बाई."

"कुणाचा?"

त्यांनी हात पुसले. मग सांगितलं. राजूरला जत्रेत नाटक होतं. पिंपांवर फळ्या टाकून केलेलं स्टेज. तात्या विंगेत, वसंता सामान हलवायला. "अंधार केला. वसंतानं दाराची चौकट उचलली. मला घाई. म्हनलं, लाईट! लाईट आली, फुडचा सीन सुरू झाला. इनोदी सीन हुता बाई. लोकं लई हसली. मी बी हसलो. वाटलं, वसंता मागं बिडी वढत बसला आसंल." ग्रीसचा डबा त्यांनी उगाच बंद केला, पुन्हा उघडला. "अंक सपला तवा बघितलं. स्टेजच्या मागं दगडाचा बांध हुता. त्याच्या खाली पडल्याला, चौकट अंगावर. आमी हसत हुतो तवर तो तिथंच हुता."

ते पुढे बोलले. "त्याच्या बोटात घोड्याच्या नालंची अंगठी हुती. लाकडावर मारली की कशी वाजायची! मी जरा दम धरून इचारलं असतं, तर त्यानं ठोका दिला असता, न्हाईतर दिला न्हाई म्हनून तरी मला कळलं असतं. तो ठोका ऱ्हायलाय त्याच्याकडं. तो आजून अंधारातच हाय बाई." मग एकदम साध्या आवाजात म्हणाले, "थांबतो जरा. न्हाई आला की लाईट. लोकांला किती येळ अंधारात ठिवनार?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी वाद घातला नाही. परीक्षक गेले उडत. पण गोष्ट मंडळींत पसरली आणि पाचव्या खांबामागच्या शुभदाला राहवेना. एका तालमीत तिने आपला ठोका दिला आणि जरा थांबून हळूच आणखी एक दिला. तात्या नेहमीइतकेच थांबले आणि "लाईट" म्हणाले. तालीम संपल्यावर तिला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, त्याच्या वाट्याचा ठोका तू नको देऊ. तू दिलास तर त्यानं यायचं कशापायी?"

शुभदा ढसाढसा रडली. मी तिला आत घेऊन गेले, कारण माझीही तीच गत व्हायच्या बेतात होती.

पुढे त्या नाटकाचे प्रयोग जिल्हाभर झाले. पाथर्डी, शेवगाव, संगमनेर, श्रीरामपूर, अगदी डोंगराकडच्या अकोले गावापर्यंत. टेम्पोत खांब आडवे आणि त्यांच्याशेजारी तात्या, कुणाला टेकू देत नसत. प्रत्येक ठिकाणी पाच ठोके आणि तो एक श्वास. सहावा कुठेच आला नाही. राजूरहून मात्र दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा तात्यांनी मोडता घातला. मी एकदा धीर करून म्हटलं, "तात्या, एकदा जाऊन तर बघू." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "तिथं न्हाई बाई. कुटंबी न्या, तिथं न्हाई." मी विषय सोडून दिला.

गेल्या थंडीत तात्या गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलाचा फोन आला तेव्हा मी शाळेत वर्गावर होते. आदल्या आठवड्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले होते, "दिलप्याला सांगा, घाई करू नको." सुतकात मी त्यांच्या घरी गेले. अंगणात एका खांबाचं सुटलेलं बेअरिंग तेलात बुडवून ठेवलेलं होतं.

मग राजूरहून तिसऱ्यांदा बोलावणं आलं. मी हो म्हटलं. आता नाही म्हणायला कोण होतं?

मैदान तेच निघालं. आता तिथे सिमेंटचा पक्का रंगमंच आहे, पण मागचा दगडी बांध तसाच. डोंगरातल्या वाड्यांवरून जीप भरभरून माणसं आली होती. तात्यांच्या जागी विंगेत मी उभी राहिले. घराचा प्रवेश संपला, दिवे गेले, खांब फिरले. बेअरिंगांची ती ओळखीची घरघर ऐकू आली. मग ठोके आले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवा शुभदाचा, जरा हलका.

मी थांबले. थांबायचं असं आमचं कुणाचं ठरलेलं नव्हतं, पण दिलीपही थांबला. एवढं भरलेलं मैदान, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

मागच्या बाजूने, बांधाच्या अंगाने, लाकडावर लोखंड वाजलं. स्वच्छ, एकदाच. आणि लगोलग दुसरा ठोका, साधा, बोटाच्या पेराचा. आमच्या हॉलच्या चौकटीवर, तात्या आत येताना, मी तो रोज ऐकत आले होते.

"लाईट," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. लख्ख उजेड झाला, खाचरातला प्रवेश सुरू झाला आणि शुभदा पाचव्या खांबामागे दोन्ही हात छातीशी घट्ट धरून उभी होती. जिल्हाभर फिरून या माणसाने भावाची वाट बघितली, आणि भाऊ जिथे होता तेवढ्या एकाच ठिकाणी यायचा त्यांना जिवंतपणी धीर झाला नाही, हे मला तेव्हा कळलं. मी पदराने डोळे पुसले.

प्रयोग संपल्यावर दिलीप माझ्याजवळ आला. घामाने भिजला होता, त्या थंडीत.

"बाई, तुम्ही किती मोजले?"

"सात."

त्याने मान हलवली आणि बांधाकडे बघितलं.

"सापडले म्हणायचे एकमेकांना," तो म्हणाला, आणि खांब टेम्पोत चढवायला गेला.