खांदा पडला की बोट वर

लोखंड ठोकण्याच्या कारखान्यात सगळे त्याला भोंगा म्हणत. पाळी सुटल्याचं तो ओरडून सांगे, म्हणून खरा भोंगा बिघडला तरी दुरुस्तीची घाई कुणी करत नसे. तापलेल्या लोखंडावर वाफेचा हातोडा कोसळतो, त्याच्या शेजारी उमेदीची सगळी वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. हळू म्हणजे किती, हे कळायचंच बंद झालेलं असतं.

कारखाना माणसांची काळजी घेई. वर्षातून एकदा कान तपासणारी गाडी फाटकाशी येऊन उभी राही. गाडीत काचेची खोली, खोलीत स्टूल, डोक्याला हेडफोन. बाहेर बसलेली नर्स बटण दाबणार, आवाज आला की आतल्याने बोट वर करायचं. ज्याला ऐकू येत नसे त्याला, त्याच्याच भल्यासाठी, हातोड्यावरून उचलून आवारात झाडू मारायला पाठवत. पगारातला हातोडा-भत्ता तेवढा बंद होई. इतकी काळजी कुणालाच परवडणारी नव्हती.

उपाय भोंग्याने शोधला. नर्स बटण फळीआड लपवी, पण दाबताना तिचा उजवा खांदा किंचित खाली येई. खांदा पडला की बोट वर. चहाच्या सुट्टीत तो नव्या पोरांची शिकवणी घेई.

"सगळे पकडू नकोस रे. दोन-तीन सोडून दे. इतके चांगले कान कुणाचेच नसतात, संशय येतो."

त्याच्या हाताखालचा माणूस कधी नापास झाला नाही. दरवर्षी भोंग्याचेही कान ठणठणीत असल्याची नोंद होत गेली, आणि दरवर्षी ते थोडे थोडे जात राहिले.

निवृत्तीनंतर एका गोदामावर राखणदारी मिळाली. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्याला ऐकू आला नाही. ट्रक वीतभर अंतरावर थांबला. नोकरी मात्र थांबली नाही, गेली. पुढे कुणी उभं करेना. घर जावयाच्या पैशावर चालू लागलं. जावई त्याच हातोड्यावर होता. महिन्याच्या सुरुवातीला तो घरातल्या फळीवर पैशांचं पाकीट ठेवून जाई, आणि भोंगा दोन दिवस त्या फळीकडे पाठ करून जेवे. शेवटी त्याने कानांच्या भरपाईचा दावा लावला.

सरकारी डॉक्टरीणबाईंनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. आता कसला खांदा आणि कसलं बोट. दोन्ही कान जवळजवळ गेलेले निघाले. नापास झाल्याचा आनंद या घराने प्रथमच पाहिला.

तो टिकला नाही. कारखान्याच्या वकिलाने लेखी उत्तर दिलं की, अर्जदार नोकरी सोडताना कान उत्तम होते, ते पुढे घरी बिघडले. घरी म्हणजे कशाने, तर अर्जदार टीव्ही फार मोठ्याने लावतो. शेजाऱ्यांचं तसं म्हणणं जोडलं होतं.

"अहो, खांद्याचं सांगून टाका ना!" बायको त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली. "आता कोण काढणार आहे तुम्हाला?"

"बघू."

"बघू काय? जावयाच्या जिवावर किती दिवस बसायचं? सोन्यासारखा माणूस. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द ऐकतात. तुम्ही माझ्याकडे असं एकदा तरी बघितलंत?"

तोंडाकडे कोण आणि का बघतं, हे भोंग्याला शिकवावं लागणार नव्हतं. जावयालाही खांदा बघायला त्यानेच शिकवलं होतं. आधी 'अरे' म्हणून, मुलगी दिल्यावर 'अहो' म्हणून.

शेवटच्या तारखेला जावई रजा काढून सोबत आला. बायको पाणी आणायला गेली तेव्हा दोघे कचेरीच्या आवारात समोरासमोर उभे राहिले.

"लेकीला माहीत आहे?" भोंग्याने विचारलं.

"नाही. मामा, खांद्याचं निघालं तर उद्यापासून सगळ्यांनाच भिंतीकडे बसवतील. मी झाडू मारेन हो, लाज नाही त्याची. पण घराचे हप्ते..."

"मी कुठं काय म्हणालो?"

आत सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई सरळ त्याच्याकडे बघत बोलल्या. बाई सज्जन होत्या, दाव्यात एवढीच फट आहे आणि ती बुजली तर बरं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"नोकरीत दरवर्षी तपासणीत पास कसे झालात?"

प्रश्न त्याला अक्षर न् अक्षर दिसला. "काय?" तो म्हणाला. आयुष्यभर ऐकू येण्याचं सोंग केलेल्या माणसाला उलटं सोंग जमेना. बाईंनी प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पुढे सरकवला. आता पळायला जागा नव्हती.

"तेव्हा ऐकू यायचं, मॅडम."

"नीट विचार करून सांगा. मग मला काही करता येणार नाही."

"यायचं ऐकू."

बायको ताडकन उठली. "मॅडम, मी सांगते. ती नर्स..."

"गप्प बस!" भोंगा ओरडला. खिडकीच्या काचा थरथरल्या. वकिलाने समाधानाने काहीतरी टिपून घेतलं. दावा फेटाळायला त्यानंतर फार वेळ लागला नाही.

बाहेर व्हरांड्यात जावई पाठमोरा उभा होता. भोंगा खांबाशी थांबला. बायको तरातरा निघाली, तिला आता एकच माणूस आपल्या बाजूचा उरला होता.

"ऐकलंत जावईबापू, काय करून बसले हे?"

जावई हलला नाही.

"जावईबापू!"

जिन्यावरून चढणारा शिपाई वळून बघू लागला. जावई समोरच्या नोटिसा वाचत राहिला. बायकोने एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं, एकदा खांबाशी उभ्या नवऱ्याकडे. मग ती हळूच जावयाला वळसा घालून त्याच्या पुढ्यात गेली, आणि नवऱ्याशी बोलताना उघडते तसं तोंड मोठं उघडून म्हणाली,

"चला. घरी जाऊ."