चाळीस शिपाई पळवणारा

मिस्तानास्क भांडणाला जन्मभर उशिरा पोचला. वस्तीत दोन कुत्री एकमेकांच्या अंगावर गेली की हा सोडवायला निघायचा, आणि हा पोचेपर्यंत ती कुत्री एकमेकांच्या पाठीला पाठ लावून झोपलेली असायची. नाव एका तापट, बिळं उकरणाऱ्या जनावराचं. पण आईबापांनी ते ठेवलं तेव्हा पोर कसं निघणार हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

ज्या वसंतात आमच्या लोकांनी गोऱ्यांच्या सरकारविरुद्ध उठाव केला, त्या वसंतात नदीकाठच्या टेकडीवर तोफा आल्या त्या दिवशी सकाळपासून मिस्तानास्क पलीकडच्या दलदलीत सासूचा बैल काढत होता. सासूनं जावयाशी बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. त्यामुळे म्हातारी त्याच्याकडे पाठ करून बैलाशी बोलत होती. "बैला, ज्याला दोर नीट बांधता येत नाही त्याच्या हाती लागलास, तुझं नशीब." तोफेचा पहिला आवाज आला तेव्हा बैलाचे मागचे पाय चिखलात होते. पाय सुटले तोवर लढाई आटोपली होती.

त्याच उन्हाळ्यात यादी झाली. शिपायांच्या छावणीत एक टेबल, टेबलामागे पुस्तक उघडून बसलेला कारकून, शेजारी लांबून आणलेला दुभाषा. त्या दुभाष्याला आमचे शब्द सगळे येत होते, माणूस मात्र एकही माहीत नव्हता. एकेकाला पुढं बोलवायचं, नाव विचारायचं, त्या दिवशी कुठं होतास ते विचारायचं. आता आपलं नाव आपल्याच तोंडानं सांगणं आमच्यात बरं दिसत नाही. ते मागच्यानं सांगायचं. मिस्तानास्कच्या मागे उभा होता काक्वा.

काक्वा त्याचा आतेभाऊ, आणि बहिणीचा नवरा म्हणून मेव्हणाही. असं दुहेरी नातं असलं की एकमेकांची टर उडवणं हे कर्तव्यच. एखादा दिवस थट्टेवाचून गेला तर घरच्या बायका विचारतात, तुमचं काही बिनसलंय का. काक्वानं ते कर्तव्य कधी चुकवलं नव्हतं.

"हा मिस्तानास्क," काक्वा म्हणाला. "यानं एकट्यानं चाळीस शिपाई पळवले. हातात फक्त आमटीची पळी होती."

अख्खी रांग हसली. मिस्तानास्कला आयुष्यात कधी वेळेवर उत्तर सुचलं नव्हतं, ते नेमकं तेव्हा सुचलं.

"चाळीस नव्हे, एक्केचाळीस," तो म्हणाला. "एक आजारी होता. त्याला मी हळूहळू पळू दिलं."

रांग आणखी हसली. काक्वानं त्याच्या पाठीत कौतुकानं गुद्दा घातला. दुभाष्यानं दोन्ही वाक्यं इमानेइतबारे सांगितली आणि कारकुनानं टाक शाईत बुडवला.

पानगळीत किल्ल्याच्या आवारात उठावातल्या आठ जणांना फाशी दिलं. ते बघायला वस्त्यावस्त्यांतून माणसं नेली होती. मिस्तानास्क आणि काक्वा खांद्याला खांदा लावून उभे होते. परतीच्या वाटेवर काक्वा एक अक्षर बोलला नाही. याद्या कशासाठी करतात हे त्याला आता कळलं होतं. मिस्तानास्कला फासावर कुणी नेलं नाही; त्याच्या नावापुढं बंडखोराची खूण केली, घोडा नेला, बंदूक नेली. मग सरकारनं आमची टोळीच मधून तोडली. अर्धी इथं ठेवली, अर्धी पश्चिमेला दोन दिवसांच्या वाटेवर पाठवली. काक्वा आणि त्याची बायको पिहेव, म्हणजे मिस्तानास्कची बहीण, त्या अर्ध्यात गेली. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर सरकारनं वस्तीवर नेमलेल्या एजंट साहेबाचा कागद हवा, आणि खूण असलेल्याला तो कागद नाही.

दहा वर्षं गेली. साहेबलोकांनी आम्हाला गहू पेरायला शिकवलं, आणि तो विळ्यानं कापायला लावला. शेजारच्या गोऱ्याच्या शेतात यंत्र धडधडायचं. यंत्र तुमच्या प्रगतीला चांगलं नाही, असं साहेब सांगायचे. मिस्तानास्कनं गहू कापला, सशांचे फासे लावले, कुणाशी वाकडं बोलला नाही.

फक्त ते शिपाई त्याच्या मागं लागले.

पहिल्या हिवाळ्यातच लागले. विलोच्या झुडपांत बुटांचा आवाज यायचा, एकाचा नव्हे, पुष्कळांचा. तो थांबला की ते थांबायचे. सर्वांत मागं एकजण खोकत असायचा. मिस्तानास्कनं कधी वळून मोजले नाहीत. आकडा त्याला माहीत होता. जे कधी झालंच नाही ते पुस्तकात लिहिलं गेलं होतं, आणि पुस्तकात आहेत म्हटल्यावर त्या माणसांना कुठंतरी राहायला तर हवंच होतं. सरपणाच्या ढिगाशेजारी तो भाकरीचा एक तुकडा ठेवू लागला. बायको साकास्तेव हिनं दोन हिवाळे ते पाहिलं, आणि तिसऱ्या हिवाळ्यात विचारलं, "त्या आजारी शिपायाला चहा पण द्यायचा का?" त्यानं खरंच विचार केला आणि म्हणाला, नको, साखर संपत आलीय.

यंदा बर्फ कडक असतानाच निरोप आला. पश्चिमेकडून सासरी परतणाऱ्या एका बाईनं आणला. काक्वा अंथरुणाला खिळलाय, गवत फुटेपर्यंत टिकत नाही. त्यानं मेव्हण्याला बोलावलंय.

मिस्तानास्क एजंटाच्या कचेरीत गेला. साहेबानं नाव विचारलं. सवयीनं त्यानं मागं पाहिलं. मागं खुंटीवर दोन कोट लटकत होते. शेवटी दारातल्या म्हाताऱ्या दुभाष्यानं नाव सांगितलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं पुस्तक काढलं, पान शोधलं, वाचलं, चष्मा काढून मिस्तानास्ककडे पाहिलं आणि पुन्हा वाचलं. हे तुझ्या साक्षीदारानं सांगितलंय आणि तू स्वतः कबूल केलंयस, तो म्हणाला. ती थट्टा होती, मिस्तानास्कनं सांगितलं. साहेब म्हणाला, असेल. पण लिहिलेलं मी खोडू शकत नाही. ज्यानं साक्ष दिली त्यानं इथं येऊन ती खोटी होती असं सांगावं, मी आजच्या आज खूण काढतो. कुठं आहे तो?

"दोन दिवसांवर. मरायला टेकलाय. त्यालाच भेटायला कागद मागतोय."

साहेबाला त्यातली गंमत कळली असावी, कारण तो किंचित हसला. मग पुस्तक मिटलं.

घरी येऊन मिस्तानास्क चुलीपुढं बसून राहिला. साकास्तेवनं न विचारता त्याच्या पिशवीत सुकं मांस भरलं, भाकरी भरली.

"पकडलं तर?" तो म्हणाला.

"पकडतील. इथं बसून तरी कुठं सुटलायस?" तिनं पिशवीचं तोंड आवळलं. "दहा वर्षं त्या माणसानं कुणाची थट्टा केली नाही म्हणतात. तो असा मुक्यानं गेला तर तुझ्या त्या एक्केचाळिसांत आणखी एक वाढेल, आणि त्याला मी भाकरी घालणार नाही. जा. तू फासे बघायला गेलायस, असं मी सांगते."

तो पहाटेच्या उजेडात खालच्या वाटेनं, झुडपांतून निघाला. टेकडीच्या वरच्या धारेवरून पोलिसांची घोडी फिरतात. दोन दिवस बर्फाचा पापुद्रा त्याच्या पायाखाली मोडत होता आणि मागं एक्केचाळीस जणांच्या पायाखाली मोडत होता. थांबून पाणी प्यायला की खोकणारा जवळ यायचा. या खेपेला मिस्तानास्कला त्याची भीती वाटली नाही. चल बाबा, तो म्हणाला, तुलाही बोलावलंय. वाटेत त्यानं काक्वासाठी नऊ टोमणे जुळवले, बोटांवर मोजून पाठ केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खोपटात शिरला आणि नऊच्या नऊ विसरला. काक्वाचं अंग पांघरुणाखाली असून नसल्यासारखं झालं होतं. आवाज गेला होता, उरली होती नुसती कुजबुज. तो मेव्हण्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात असा अपराधीपणा होता की मिस्तानास्कला आल्या पावली परत जावंसं वाटलं. चुलीशी पिहेव भावाकडे पाठ करून बसली होती; मोठी झालेली बहीण-भावंडं आमच्यात समोरासमोर बोलत नाहीत.

मिस्तानास्क बसला. त्यानं पुन्हा बोटांवर मोजून पाहिलं.

"मेव्हण्या," तो शेवटी म्हणाला, "तुझे शिपाई आणलेत. दारात उभे आहेत. विचारतायत, पळणं आता थांबवलं तर चालेल का?"

काक्वानं दाराकडे पाहिलं. सावकाश, प्रत्येकाला बघावं तसं.

"किती?"

"एक्केचाळीस."

"तो आजारी?"

"मागं राहिलाय. पोचेल एवढ्यात."

काक्वाच्या छातीत काहीतरी खडखडलं. पिहेव दचकून वळली आणि लगेच परत चुलीकडे फिरली, कारण तो हसत होता. दहा वर्षांचं साठलेलं हसू ते, अंगाला पेलवत नव्हतं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शिट्टीसारखा श्वास. "तुझ्यासारखा भित्रा," तो मधेमधे म्हणत होता, "तुझ्यासारखा बैलओढ्या..." मिस्तानास्कनं त्याला धरून बसवलं. हसू ओसरल्यावर काक्वा पुन्हा दाराकडे बघून म्हणाला, "त्या आजाऱ्याला आत बसव. एकट्याला कशाला पाठवतोस? आम्ही बरोबर जाऊ."

मग त्यानं उशाखालचा कागद दाखवला. पिहेवनं चुलीला सांगितलं, म्हणजे भावाला कळलं. शाळेतून आलेल्या नातीकडून त्यानं तो लिहून घेतला होता. मी बोललो ती थट्टा होती, हा माणूस बैल काढत होता. खाली काक्वाची फुली. लिहिल्याला दोन हिवाळे झाले, पण पोचवणार कोण? पोचवणाऱ्यानं वस्तीबाहेर जायचा कागद मागायचा तर काम काय ते सांगावं लागतं, आणि खूण असलेल्या माणसाचं काम म्हटलं की तो मिळत नाही.

काक्वा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. पिहेवनं त्याची वेणी कापून, गेलेल्यांच्या वेण्या जतन करायच्या गाठोड्यात बांधली आणि तो कागद भावाच्या गुडघ्यापाशी सरकवला.

"घेऊन जा म्हणावं," ती चुलीला म्हणाली. "खूण निघेल. घोडा मिळेल. उजळ माथ्यानं फिरता येईल."

मिस्तानास्कनं कागद हातात घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, फुली तेवढी ओळखली. "हा टेबलावर ठेवला," तो भिंतीकडे बघून म्हणाला, "की साहेब विचारणार, तुझ्याकडे आला कसा. मग विचारणार, उतरलास कुणाच्या घरी. बहिणीचं सरकारी पीठ बंद होईल."

"बहीण बघून घेईल."

"आणि दुसरं. त्या पुस्तकात काक्वाचं एवढं एकच बोलणं लिहिलेलं आहे. त्यावर आम्ही सगळे हसलो होतो. ते खोटं म्हणून मीच खोडून घेऊ?"

त्यानं कागदाची घडी केली आणि काक्वाच्या हाताखाली सारली. "असू दे त्याच्यापाशी," तो म्हणाला. "वाटेत कुणी कागद विचारला तर."

माती लोटून झाल्यावर तो निघाला. पिहेवनं बजावलं, खालच्या झुडपांतून जा, दुपारी धारेवर घोडा फिरतो. मिस्तानास्क थोडा वेळ झुडपांच्या तोंडाशी उभा राहिला. आत ना बुटांचा आवाज होता, ना खोकला. त्यानं कान देऊन ऐकलं. नुसता वारा होता, आणि इतक्या वर्षांनी एकट्यानं त्यात शिरायला त्याचं मन होईना.

तो धारेवर चढला आणि भर उन्हात, वाटेच्या मधून चालू लागला. समोरून घोडेस्वाराचा ठिपका मोठा होत येत होता. एका न केलेल्या गुन्ह्यासाठी मिस्तानास्क दहा वर्षं खाली मान घालून वागला होता. हा मात्र केलेला होता, कागदावाचून, स्वतःच्या पायांनी, दोन दिवस चालून. तो मान वर करून घोड्याच्या दिशेनं चालत राहिला.