कडव्या वालांचं हवामान

त्या वर्षी सप्टेंबरपासून दोन महिने मी हवामानाशिवाय दुसरं काही धड वाचलं नाही. ऑफिसात एका स्क्रीनवर काम आणि दुसऱ्या स्क्रीनवर न्यू जर्सीच्या किनारपट्टीचा हवामानाचा अंदाज उघडा असायचा. थंडी यंदा उशिरा पडेल, समुद्राचं पाणी अजून कोमट आहे, त्यामुळे किनाऱ्याजवळ पहिलं फ्रॉस्ट लांबेल, मात्र वादळं नेहमीपेक्षा जास्त येतील, असं त्यात म्हटलं होतं. फ्रॉस्ट म्हणजे रात्री पडलेलं दव जागीच गोठतं आणि सकाळी कोवळं पान काळं पडतं. न्यू जर्सीतच, पिस्कॅटवेत, आमच्या परसात कडव्या वालांचा वेल होता, आणि त्याच्या शेंगा वाळून त्यातले दाणे हातात येईपर्यंत फ्रॉस्ट पडू नये एवढंच मला हवं होतं.

ते वाल माझ्या आईचे. ती त्याच वर्षी जानेवारीत गेली. अलिबागच्या पुढे आमचं गाव, तिथे भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात आणि ते थंडीतल्या दवावर वाढतात. गावात बहुतेकांचे वाल जांभळ्या फुलांचे, आईचे पांढऱ्या. शेजारचे मिसळू नयेत म्हणून ती ते अगदी आतल्या तुकड्यात पेरायची, आणि बियाणं राखेत कालवून कॉफीच्या जुन्या बाटलीत ठेवायची. या पांढऱ्या फुलाचा तिला भलताच अभिमान होता. आमच्या लग्नाच्या यादीत ती जितकी कडक नव्हती तितकी वालांच्या बाबतीत होती.

तेराव्यानंतर निघताना ती बाटली मी बॅगेत घातली. बाबांना विचारलं नाही. वहिनी एक दिवस माळा साफ करील आणि बाटली भंगारात जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला हाव सुटली होती. दागिने, साड्या सगळ्यांत वाटून झालं होतं, आणि मला कुणाशी वाटून न घेतलेलं आईचं काहीतरी हवं होतं.

इथे नोव्हेंबरात जमीन दगडासारखी होते, म्हणून मी ते वाल मे महिन्यात पेरले. सगळे. आई दरवर्षी एक मूठ मागे ठेवायची, पेरा बुडाला तर असावी म्हणून, हे बघत मी लहानाची मोठी झाले होते. मी एक दाणासुद्धा ठेवला नाही आणि रिकाम्या बाटलीत मेथी भरली. वेल असा माजला की घरामागच्या लाकडी डेकचा कठडा, कुंपण, बार्बेक्यूच्या ग्रिलचं कव्हर, सगळं त्याने गिळलं. फूल मात्र नाही. जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये शोधून शोधून कळलं की वालाला फुलायला रात्र मोठी व्हावी लागते. इथल्या उन्हाळ्यात साडेआठपर्यंत ऊन असतं, तो बिचारा कशाला फुलतोय. आता रात्र मोठी होईल तेव्हा तो फुलणार, आणि रात्र मोठी झाली की पाठोपाठ थंडी येणार. माझ्या मूर्खपणाची मला इतकी चीड आली की त्या दिवशी मी घरात प्रत्येकाशी भांडले.

बाबांशी माझा रोज व्हिडिओ कॉल असायचा. आमची संध्याकाळ, त्यांची पहाट. सप्टेंबर सरता सरता एकदा ते म्हणाले, वालाची बाटली माळ्यावर सापडत नाही, भात कापायला आलं की लागेल, कुठे ठेवलीस तू? मी म्हटलं, माझ्याकडे आहे बाबा, नीट ठेवलीय, निम्मे तुम्हाला पाठवते. माझी एक मैत्रीण नोव्हेंबरात पुण्याला येतेय, तिच्याजवळ देते. ते बरं म्हणाले. मग नेहमीसारखं विचारलं, थंडी किती आहे तिकडे? ते रोज हे विचारायचे आणि मी रोज वैतागून सांगायची, आहे नेहमीसारखी.

त्याच आठवड्यात वेलावर फुलं आली. पांढरी, तुऱ्यातुऱ्यांनी. मी त्यांच्याकडे बघून रडले आणि मग दिवस मोजायला बसले. फुलापासून दाणा पक्का व्हायला दीड महिना तरी लागतो. फ्रॉस्ट किनाऱ्याच्या अंदाजाप्रमाणे उशिरा आलं तर जेमतेम जमणार होतं. त्या दिवसापासून बाबांशी बोलताना मी डेकवर बसणं बंद केलं. स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ टेकून बसायची, म्हणजे मागे काही दिसायला नको.

पण अंदाज किनाऱ्याचा होता आणि आम्ही किनाऱ्यापासून चाळीस मिनिटं आत. हे मला कळत नव्हतं असं नाही. नकाशावर समुद्रालगत फ्रॉस्ट नसलेला एक हिरवा पट्टा असायचा आणि आतल्या बाजूला फ्रॉस्टचा निळा. आमचं घर कधी या रंगात तर कधी त्या रंगात. सकाळी उठल्याबरोबर मी तो नकाशा बोटांनी मोठा करकरून आमची गल्ली शोधायची. नवरा नागपूरचा, बोलायला तिखट. तो म्हणायचा, "अगं, तू बघितल्याने ती लाइन सरकणार आहे का? फार्मर्स मार्केटमधून बीन्स आण आणि पाठव बाबांना." मुलगी पंधरा वर्षांची. तिने एवढंच म्हटलं, "ममा, दे आर जस्ट बीन्स." मी दोघांवर खेकसले. बाबांशी मी खोटं बोललेय हे त्या दोघांनाही मी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात शेंगा भरल्या होत्या, पण हिरव्यागार. दाबलं की आतला दाणा मऊ लागायचा. आणखी दोन आठवडे, फार तर तीन, असा माझा हिशेब होता. तेवढ्यात किनाऱ्यावर वादळ आलं. दोन दिवस ईशान्येचा वारा आणि आडवा पाऊस. कुंपणाची एक फळी वेलासकट खाली आली. मी रेनकोट घालून बाहेर गेले आणि हाताला लागेल त्या दोरीने, शेवटी ओढणीने, वेल डेकला बांधला. दुसऱ्या दुपारी गल्लीतली वीज गेली.

तिसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ झालं. शेजारपाजारचे लोक बाहेर येऊन हसत फांद्या उचलत होते. माझ्या फोनमध्ये थोडी बॅटरी उरली होती, त्यावर अंदाज उघडला. वादळ समुद्रात गेलं, मागून कोरडी थंड हवा येतेय, आज रात्री वारा पडेल, किनारा सोडून सगळीकडे फ्रॉस्ट. हिरवा पट्टा आमच्या पूर्वेला बोटभर अंतरावर संपत होता. मी तिथेच ओल्या पायरीवर बसले.

शेवटी उठले ते हिरिरीनेच उठले. घरातल्या चादरी, ब्लँकेट्स, मुलीचं कम्फर्टर, सगळं वेलावर घातलं. वीज नसली तरी गॅस काडीने पेटत होता. घरात जेवढी भांडी होती तेवढ्यांत पाणी उकळलं. दोन्ही कुकर, पातेली, चहाचं भांडं, गणपतीत मोदकांना काढते ते मोदकपात्र. झाकणं लावून ती चादरींच्या आत वेलाच्या बुडाशी मांडली. पाणी निवलं की आत आणायचं, पुन्हा उकळायचं, पुन्हा नेऊन ठेवायचं. नवऱ्याने थोडा वेळ बघितलं आणि तोही पातेली उचलायला लागला. मध्येच त्याने विचारलं, "तू मला खरं सांग, काय आहे हे?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आणि बाबांना?" मी नकारार्थी मान हलवली. त्यानंतर त्याने थट्टा केली नाही, आणि मला तीच हवीशी वाटत होती.

पहाटेपर्यंत चादरी पुठ्ठ्यासारख्या कडक झाल्या. ऊन आल्यावर काढल्या. आतली पानं उकडल्यासारखी लोळागोळा झाली होती, शेंगांवर पाणचट काळे डाग. एकेक शेंग मी सोलली. दाणे लिबलिबीत. ज्यांची साल थोडी पिवळी वाटत होती अशा नऊ शेंगा निघाल्या. ते दाणे मी खिडकीत वाळत घातले. दोनच दिवसांत त्यांच्या सुरकुत्या पडल्या, कातडीसारख्या. असा दाणा उगवत नाही हे कळायला शेतकीचं शिक्षण लागत नाही. तरी मी येता-जाता त्यांना हात लावून बघत होते.

वीज आली. मैत्रिणीचा मेसेज आला, "यार, काय द्यायचंय ते रविवारी आणून दे, बॅग पॅक करतेय." इथल्या देशी वाण्याकडून वालाचं पाकीट आणावं आणि राखेत कालवून द्यावं, असा विचार माझ्या मनात आला. नुसता आला नाही, मी दुकानापर्यंत गेले. पाकीट हातात घेतलं. ते वाल येत्या थंडीत गावात जांभळे फुलले असते आणि बाबा बांधावर उभे राहून बघत बसले असते. मी पाकीट ठेवून दिलं आणि गाडीत बसून बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, वाल नाहीत. मी मेमध्येच सगळे पेरले. एकही मागे ठेवला नाही. परवा फ्रॉस्टने गेले."

बाबा पडवीत बसलेले दिसत होते, मागे अजून अंधार होता.

"जुलैत तू बाहेर बसून बोलत होतीस," ते म्हणाले. "तुझ्या मागे कठड्यावर वेल होता. पान बघून कळलं मला."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? मी खोटं बोलले तेव्हाही नाही?

"तू सांगशील म्हटलं. तेव्हापासून फोनवर तुझ्या गावचं तापमान बघतोय. परवा तुमची रात्र, इथे दिवस. उणे दोन दाखवत होतं. दुपारभर इथेच बसलो होतो बघत."

रोज थंडी विचारायचे ते आठवलं आणि मला तोंड वर करवेना. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे, कारण त्यांनी मधेच विचारलं, "फूल पांढरंच आलं होतं ना?"

"हो. पांढरंच. महिनाभर होतं."

तो सगळा महिना रोज संध्याकाळी वेल माझ्यापासून दहा पावलांवर फुललेला होता, आणि मी फ्रिजला पाठ टेकून त्यांच्याशी बोलत होते.

"एकदा दाखवायचं होतंस गं," बाबा म्हणाले.